वाढलेलं मंगळसूत्र

"माताजी, कितना बढ़ा था?"

विमा कंपनीच्या सर्व्हेअरनं हा प्रश्न विचारला, तेव्हा आमच्या सासूबाई इस्त्रीचं पातळ नेसून त्याच्यासमोर बसल्या होत्या आणि आपली हिंदी बाहेर काढायची संधी मिळाल्यामुळे चांगल्याच खुशीत होत्या.

"ज्यादा नहीं," त्या म्हणाल्या. "एकही जागेपे बढ़ा था. वाटीके बाजूमें."

सर्व्हेअर सुरतेकडचा होता. मराठी त्याला येत नव्हती आणि येत नसल्याची खंतही नव्हती. त्यानं वहीत लिहून घेतलं.

"किसने बढ़ाया?"

"कोई काहेको बढ़ायेगा? अपने आप बढ़ गया."

त्याचं पेन थांबलं. "सोने का गहना... अपने आप बढ़ गया?"

"हां तो! मैं नळपे पानी भरती थी. हंडा उचलते टाइम काठमें अडक्या, खस्सकन आवाज आया, और बढ़ गया."

एखादी बाई हवेतून अंगारा काढून दाखवते, तेव्हा तिच्याकडे जसं पाहावं, तसं त्यानं सासूबाईंकडे पाहिलं. मग मान खाली घालून बराच वेळ लिहीत बसला.

मी तेव्हा स्वयंपाकघरात चहा गाळत होते. मधलं दार उघडं होतं. प्रत्येक शब्द माझ्या कानावर पडत होता आणि शपथेवर सांगते, त्यातला एकही मला खटकला नाही. मी बी.ए. झालेली, मुलींच्या शाळेत इतिहास शिकवणारी, स्नेहसंमेलनाची नाटकं बसवणारी, जगातल्या कुठल्याही विसंगतीवर हसायला टपलेली बाई. आणि माझ्या घरात सोनं आपोआप वाढल्याचा जबाब चालला असताना मी गाळणीतली पत्ती झटकत होते!

कारण आपल्याकडे मंगळसूत्र तुटत नाही. ते वाढतं. बांगडी फुटत नाही, वाढते. नारळसुद्धा देवापुढे वाढवायचा आणि संध्याकाळी दुकानदार दुकान वाढवून घरी जातो. दिवा विझवायचा नाही, निरोप घेताना 'जाते' म्हणायचं नाही. या सगळ्याची इतकी सवय असते, की आपण शब्द उलटा करून बोलतोय हे आपल्याला परका माणूस समोर आल्याशिवाय कळत नाही. परका माणूस समोर आला तरी कळत नाही, हे मी वर सांगितलंच.

गोष्ट ऐंशी सालानंतरच्या दोनतीन वर्षांतली. आमचं घर नाशकात गंगापूर रस्त्याच्या बाजूला, तेव्हा नव्यानं वसत असलेल्या एका कॉलनीत. घरात आम्ही चौघं. मामंजी, म्हणजे माझे सासरे, देवळाली कॅम्पात मिलिटरीच्या स्टोअरमध्ये हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. सासूबाई नामपूरच्या. माझा नवरा शेतीच्या पंपांच्या कंपनीत फिरतीवर, त्यामुळे महिन्यातले वीस दिवस तो बाहेर आणि घरी केवळ कपडे धुवायला टाकण्यापुरता असे.

घराचा विमा मामंजींनी उतरवला होता. आगीचा आणि घरफोडीचा. वस्तूंची यादी त्यांनी स्वतःच्या वळणदार इंग्रजीत केली होती आणि त्यात एवढा जपून चालणारा माणूस एक गोष्ट विसरला होता. 'मंगळसूत्र, सोन्याचे, नग एक' असं लिहून पुढे किंमत लिहिली. वजन लिहिलं नाही. विमा उतरवला त्या दिवशी सासूबाई म्हणाल्या होत्या, "चोर येणार म्हणून आधीच पैसे भरायचे? मग त्याला पत्ताही कळवा!"

मंगळसूत्र वाढलं एका सोमवारी. गाठवून घ्यायला सराफाकडे द्यायचं होतं, पण गुरुवारी नामपूरला भाचीचं लग्न. तेवढ्यात कोण नाशिक गावात जातंय? सासूबाईंनी मणी, वाट्या, सगळं एका रुमालात बांधून कपाटात ठेवलं, गळ्यात काळ्या पोतीचा सर घातला आणि आम्ही सगळे लग्नाला गेलो. परत आलो तर दाराचा कडी-कोयंडा उचकटलेला. रुमाल गेला, दोन पाटल्या गेल्या, चांदीचं तबक गेलं, मामंजींचं घड्याळ गेलं. लाडवांचा डबा उघडून एकच लाडू अर्धा खाल्लेला होता. बाकीचे तसेच. हे अर्ध्या लाडवाचं सासूबाईंना फार लागलं. त्यांनी ते हवालदारालाही जबाबात घालायला लावलं.

हवालदार आपलाच माणूस. सासूबाई म्हणाल्या, 'वाढलं होतं म्हणून कपाटात ठेवलं.' त्यानं लिहिलं, 'सदर मंगळसूत्र वाढले असल्याने कपाटात ठेवले होते.' त्याच्याही घरी बायको होती. सरकारी कागदावरही त्यानं दुसरा शब्द वापरला नसता.

मग ते कागद विमा कंपनीला इंग्रजीत हवे होते. कोर्टाच्या आवारात झाडाखाली टाइपरायटर घेऊन बसणाऱ्या एका गृहस्थांनी पानाच्या दरानं भाषांतर करून दिलं. मी ते तपासलं. खरंच तपासलं. स्पेलिंगच्या तीन चुका काढल्या. 'इन्क्रीज्ड'चं स्पेलिंग बरोबर होतं.

पुढच्या महिन्यात मामंजींना हृदयविकाराचा झटका आला. सकाळी दाढी करताना आरशासमोरच खाली बसले. सिव्हिल हॉस्पिटलात अठरा दिवस होते. घरी आले ते आडव्या काठीवर कोट लटकवावा तसे दिसत होते. डॉक्टरांनी जिने बंद केले, मीठ बंद केलं आणि 'यांना चिडू देऊ नका' असं सासूबाईंना बजावलं. त्यावर सासूबाईंनी डॉक्टरांना विचारलं, "मग मी काय माहेरी राहू?"

पण ते हॉस्पिटलात होते त्या दिवसांत मी सासूबाईंचा चेहरा पाहिला होता. आधी मंगळसूत्र वाढलं. मग चोरीला गेलं. मग हे. काळ्या पोतीचा सर त्या हातानं सारखा चाचपत बसायच्या, जणू तोही कुणी नेईल.

मामंजी घरी आल्यावर दोन आठवड्यांनी विमा कंपनीचं पत्र आलं. पाटल्या, तबक, घड्याळ, सगळं मंजूर. मंगळसूत्राबद्दल मात्र असं, की उतरवलेल्या यादीत वजन नाही. नंतर त्या दागिन्यात वाढ करण्यात आल्याचं पोलिसांच्या कागदात नमूद आहे. विमेदारांच्या पत्नीनं ते सर्व्हेअरसमोर मान्य केलं असून वाढ आपोआप झाल्याचं तिचं म्हणणं समाधानकारक नाही. सबब तडजोड म्हणून निम्मी रक्कम देण्याची तयारी आहे. सोबतच्या कागदावर तिकीट लावून सही करून पाठवावी, म्हणजे प्रकरण मिटलं.

मी पत्र मोठ्यानं वाचलं आणि शेवटाला येईपर्यंत खुर्चीतून घसरले. हसून हसून डोळ्यांत पाणी आलं. मामंजी छातीला उशी धरून हसत होते, कारण डॉक्टरांनी हसताना तसं सांगितलं होतं. एकट्या सासूबाई हसल्या नाहीत.

"म्हणजे मी खोटं बोलले म्हणतात?"

"नाही हो आई, त्यांना शब्द कळला नाही."

"मग निम्मे पैसे कसले?"

"मिटवायचे."

"निम्मं मंगळसूत्र कुणी घालतं का? माझा नवरा काय निम्मा आहे?" हे बोलताना त्यांनी खुर्चीतल्या मामंजींकडे पाहिलं आणि आवाज एकदम खाली आणला. "मला पुरं हवं. नाही तर एक पैसा नको."

हे हटून बसणं नव्हतं. त्यांच्या गळ्यात चाळीस वर्षं होतं ते त्यांना पुन्हा गळ्यात हवं होतं आणि ते मामंजी हिंडूफिरू लागायच्या आत हवं होतं. आमच्या घरात तेवढं सोनं नव्यानं घ्यायची ऐपत नव्हती. भाव तर तेव्हा असे चढत होते, की सराफाच्या पाटीकडे बघायला नको वाटे. सराफांनी वजनाचं पत्र दिलं, चार तोळे. पण ते वाढायच्या आधीचं वजन की नंतरचं, हा कंपनीचा प्रश्न तसाच राहिला!

मी पत्र घेऊन मेन रोडजवळच्या त्यांच्या ऑफिसात गेले. अरुंद, उभा लाकडी जिना. वर टेबलांची गर्दी. तिथल्या कारकुनानं मात्र माझं म्हणणं एका मिनिटात ओळखलं, कारण तो ओझरचा होता.

"अहो मॅडम, मी पहिल्याच दिवशी हसलो," तो म्हणाला. "पण साहेब बंगालकडचे, सर्व्हेअर सुरतचा. माझं कोण ऐकतं? तुम्ही एक करा. ज्या बाईंचा जबाब आहे, त्यांनी दोन ओळी लिहून द्यायच्या, की मंगळसूत्र तुटलं होतं. इंग्रजीत, खाली सही. पुरे पैसे मिळतील."

"एवढंच?"

"एवढंच."

मी नाचत घरी आले. वाटेत जिलबी घेतली.

"आई, झालं काम! तुम्ही फक्त लिहून द्यायचं, की मंगळसूत्र..." आणि माझी जीभ अडली. त्यांच्या चेहऱ्यावरच कळलं, की पुढचा शब्द मी उच्चारला तर या घरात जिलबी खाल्ली जाणार नाही.

"काय लिहून द्यायचं?" त्यांनी विचारलं.

"ते... वाढलं म्हणजे काय झालं ते."

"तो शब्द मी बोलणार नाही आणि लिहिणार नाही." आतल्या खोलीत मामंजी झोपले होते, तिकडे बोट दाखवून त्या हळूच म्हणाल्या, "त्यांच्याकडे बघ एकदा. आणि मग मला सांग, सही कर म्हणून."

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते आणि अशा गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. आजही नाही. तरी मी त्या खोलीकडे पाहिलं आणि 'सही करा' म्हणाले नाही.

मग मी माझं डोकं चालवलं. शाळेच्या ग्रंथालयातून मराठीचा जाडजूड शब्दकोश काढला, 'वाढणे' या शब्दाचं पान हातानं उतरवलं आणि मुख्याध्यापिकांकडून 'खरी प्रत' म्हणून सहीशिक्का घेतला. अन्न वाढणे, वय वाढणे, वाद वाढणे, आणि शेवटून दुसऱ्या ओळीत, बांगडी, मंगळसूत्र वगैरे तुटणे-फुटणे, हे अशुभ टाळण्यासाठी म्हणतात. मी त्याखाली लाल रेघ ओढून ऑफिसात दिलं. आठ दिवसांनी उत्तर आलं, की शब्दकोशात अनेक अर्थ दिले असून त्यांपैकी कोणता अर्थ अभिप्रेत होता हे जबाब देणाऱ्या व्यक्तीनंच स्पष्ट करावं.

खरं सांगायचं तर त्या उत्तरात काही चूक नव्हती.

आता माझ्या लबाडीकडे येते. तिची मला अजून थोडी लाज वाटते. पण ती रचताना आलेली मजा मी नाकारणार नाही. मी शाळेच्या टाइपिस्टकडून दोन ओळींचा इंग्रजी खुलासा टाइप करून आणला. त्यात सरळ लिहिलं होतं, 'ब्रोकन'. सासूबाई चौथी शिकलेल्या. सही मराठीत ठसठशीत करत, पण इंग्रजी अक्षर ओळखत नव्हत्या. दुपारी जेवणं झाल्यावर मी कागद त्यांच्यापुढे ठेवला.

"काय लिहिलंय?"

"तुम्ही बोलता तेच लिहिलंय. 'माझं मंगळसूत्र सोमवारी वाढलं, म्हणून मी ते कपाटात ठेवलं. त्यात नवीन सोनं घातलेलं नव्हतं.'"

"वाढलं असंच आहे ना?"

"वाढलं असंच," मी म्हणाले.

बघा कसं आहे! त्या झाडाखालच्या गृहस्थांनी शब्दाला शब्द ठेवला, तर खोटं झालं. मी अर्थाला अर्थ ठेवला, ते भाषांतर अगदी बिनचूक होतं, आणि तीच फसवणूक होती.

सासूबाईंनी पेन हातात घेतलं. टोपण काढलं. चष्मा सारखा केला. तेवढ्यात आरामखुर्चीतून आवाज आला, "सूनबाई, तो कागद इकडे आण बघू."

मामंजी वर्तमानपत्र तोंडावर घेऊन पडले होते; मला वाटलं होतं, झोपलेत. मी कागद दिला. त्यांनी तो हात लांब करून वाचला. चाळीस वर्षं दुसऱ्यांचे मसुदे दुरुस्त करणारा माणूस तो!

"मसुदा चांगला आहे," ते म्हणाले. "फक्त यातला एक शब्द तू वाचलास तसा नाही."

सासूबाईंनी पेनाचं टोपण लावलं. नामपूरची बोली त्यांच्या तोंडी राग आल्याशिवाय येत नसे आणि ती आता आली, कागदाकडे बघत त्या म्हणाल्या, "हाऊ कागद खोटा शे."

"खोटा नाही," मामंजी म्हणाले. "खरा आहे, म्हणूनच तर पंचाईत आहे. हे बघ, पॉलिसी माझ्या नावावर. यादी मी केली, वजन लिहायला मी विसरलो. मग खुलासा मीच द्यायचा. मी लिहितो, की मंगळसूत्र तुटलं."

तो शब्द खोलीत पडला. खरंच पडल्यासारखा वाटला. सासूबाईंचा हात गळ्याशी गेला.

"तुम्ही तर मुळीच लिहायचं नाही! ज्या माणसासाठी मी दोन महिने तोंड दाबून बसले, त्यानंच..."

"अगं, मी आयुष्यभर दुसरं काय केलं? तुटलेल्या मालाची यादी! खुर्च्या तुटल्या, कुदळी तुटल्या, तंबूच्या काठ्या तुटल्या. एकदा तर खेचरानं लाथ मारून साहेबाचं टेबल तोडलं. सगळं माझ्या सहीनं तुटलं. मी मेलो का?"

"ते सरकारचं होतं!"

"आणि हे?"

"हे माझं आहे."

मामंजी थट्टेचा सूर सोडून म्हणाले, "तुझं आहे, कबूल. पण तू घाबरतेस ते माझ्यासाठीच ना? मग त्या भीतीवर सही करायचा हक्क माझा. तू नकोच करू."

मी तिथून उठून स्वयंपाकघरात गेले. काही वेळा प्रेक्षकांनी उठून जायचं असतं.

त्या दोघांचं पुढे काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. चहा घेऊन बाहेर आले तेव्हा सासूबाई खिडकीशी पाठ करून बसल्या होत्या आणि मामंजी म्हणाले, "उद्या रिक्षा बोलाव. त्या कारकुनाचं म्हणणं होतं ना, जबाब देणाराच पाहिजे? मग तिच्या जागी मला समोरासमोर सांगायला हवं."

"जिना आहे, मामंजी."

"साहेबाला पाय आहेत."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं रिक्षातून गेलो. सासूबाई 'मी येणार नाही' म्हणत होत्या आणि सर्वांत आधी चपला घालून फाटकाशी उभ्या होत्या. मी वर जाऊन साहेबांना सांगितलं, की खाली रिक्षात एक हृदयविकाराचे पेशंट बसलेत, त्यांना जिना चढायचा नाही आणि त्यांना तुमच्याशी बोलायचंय. शाळेत मुलींना रंगमंचावर रडायला शिकवलं होतं, त्याचा थोडा उपयोग केला. साहेब तिशीचे, जाड भिंगांचे. फाइल काखेत घेऊन निमूट खाली आले.

रिक्षात मागे आम्ही तिघं. साहेब ड्रायव्हरच्या शेजारी अर्ध्या सीटवर टेकले. ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, मीटर चालू ठेवू का?" मामंजी म्हणाले, "ठेव."

मामंजींनी त्यांच्या मिलिटरी इंग्रजीत सगळं सांगितलं. आमच्यात या वस्तूबद्दल तुटण्याचं क्रियापद का वापरत नाहीत. बाईंनी जबाबात आणि सर्व्हेअरसमोर खरं तेच कसं सांगितलं. आणि आता मी, पॉलिसीधारक, ते दुसऱ्या शब्दांत लिहून देतो. सासूबाई समोरच्या कापडाच्या दुकानाकडे बघत होत्या. साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"माताजी वह वर्ड नहीं बोलेंगी?"

"नहीं," सासूबाई दुकानाकडे बघतच म्हणाल्या. तेवढं त्यांना कळत होतं.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. त्यांना काहीतरी आठवलं असावं, कारण ते एकदम हसले. "हमारे घर में चावल ख़तम होता है, तो मां कभी नहीं बोलती ख़तम हुआ. बोलती है, चाल बाड़न्तो. मतलब, चावल बढ़ रहा है. बचपन में मैं डिब्बा खोल के देखता था, किधर बढ़ा?"

सासूबाईंनी मान वळवली. "मग यांना तर आधीच कळायला हवं होतं की!"

"क्या बोलती हैं?"

मी हिंदीत सांगितलं.

"मां की बात मां की बोली में समझता हूं, मैडम. मेरे पास तो इंग्लिश आया," ते म्हणाले. "और फाइल की तो मां नहीं होती. फाइल को लिख के ही देना पड़ेगा."

मामंजींनी फाइल मांडीवर घेतली आणि लिहायला लागले. 'आय बेग टु स्टेट' असं ते पुटपुटत असतानाच सासूबाईंनी पुन्हा कापडाच्या दुकानाकडे तोंड फिरवलं. पेनाचा आवाज येत होता. त्या ओठ हलवत होत्या. देवाचं नाव घेत होत्या की साड्या मोजत होत्या, मला सांगता येणार नाही. पण मामंजींनी सही करून पेन खिशाला लावलं, तोवर त्या एकदाही वळल्या नाहीत.

साहेबांनी कागद वाचला. सराफांचं पत्र फाइलमधून काढून शेजारी धरलं. "पूरा चार तोला मिलेगा. हाफ का लेटर कैंसल. उस दिन के भाव से." मग ते थोडे घुटमळले. "लेकिन एक बात है. पोत की गुंथाई का चार्ज आपने क्लेम में डाला है. वह नहीं मिलेगा. चोरी के टाइम तो वह पहले से टू..."

ते थांबले. सासूबाईंकडे बघितलं.

"...पहले से बढ़ा हुआ था ना. तो गुंथाई आपकी."

रस्त्यावरून एक भाजीची हातगाडी गेली. मला वाटलं, आता सासूबाई गाठवणावळीवरून भांडतील. भाजीवाल्याशी पावशेर मिरचीसाठी अर्धा तास घालणारी बाई ती. पण त्यांनी साहेबांकडे नीट पाहिलं आणि मान हलवली.

"बराबर है," त्या म्हणाल्या. "गाठवायचं तर मला होतंच. न्यायका है."

मग पिशवीतून एक लाडू काढून त्यांच्या हातावर ठेवला आणि खाऊन संपेपर्यंत त्यांना रिक्षातून उतरू दिलं नाही.

घरी येताच त्यांनी मामंजींना उंबऱ्याबाहेर उभं करून मीठ-मोहऱ्यांनी त्यांची दृष्ट काढली. नंतर दोन दिवस त्यांच्याशी अबोला धरला. औषध देत, पाय चेपून देत, मिठाशिवायची आमटी चवदार करायला त्यात चिंच पिळत. पण बोलत नसत. तिसऱ्या दिवशी मामंजींनी वर्तमानपत्राआडून विचारलं, "किती दिवस चालणार हे?" तर म्हणाल्या, "तुम्ही पूर्ण बरे होईपर्यंत."

चेक महिन्याभरानं आला. सराफाकडे सासूबाईंनी वाट्यांपासून सगळं नवं निवडलं, दोन वेळा तोलून घेतलं आणि गाठवायचे पैसे आपल्या कमरेच्या बटव्यातून वेगळे काढून दिले. ते चेकच्या पैशात मिसळू दिले नाहीत. मला त्या वेळी हा बारकावा गमतीचा वाटला होता. आता वाटतं, की त्या सगळ्या प्रकरणात कोणाचं काय होतं हे एकट्या त्यांनाच नेमकं कळत होतं: सोन्याची भरपाई कंपनीनं करायची होती, दोरा त्यांचा होता, आणि तो एक शब्द मामंजींनी स्वतःवर घेतला होता. त्याची भरपाई कशी करायची, हे मात्र त्यांना कधी कळलं नाही.

मामंजी त्यानंतर अकरा वर्षं जगले. जिने चढले, नामपूरच्या चार लग्नांना जेवले, मीठही चोरून खाल्लं. पण त्या अकरा वर्षांत त्यांना साधी शिंक आली, तरी आतल्या खोलीतून सासूबाईंचा आवाज यायचा, "लिहा अजून इंग्रजीत!" आणि मामंजी नाक पुसत म्हणायचे, "अगं, थंडी वाढली आहे." मग आतून भांडी आपटल्याचा आवाज, आणि थोड्या वेळानं आल्याचा काढा.